खाडीच्या वेळा कुणाच्या?

माझ्या नोकरीचं नाव ऐकून आजवर एकाही माणसाने पुढचा प्रश्न विचारलेला नाही. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, आणि मी म्हटलं, सॉफ्टवेअरच्या लायसन्सची तपासणी, की समोरची बाई "अच्छा, अच्छा" म्हणत वाटल्या डाळीकडे वळायची. माझ्या नवऱ्याने, सुहासने, यावर सोपा उपाय काढलेला. तो परस्पर सांगून टाकायचा, "ही कॉम्प्युटरमध्ये आहे." आता मी निवृत्त झालेय, दिवाळी अंकाने पानं दिली आहेत, तेव्हा कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे देऊन घेते.

आज कुठलाही मोठा प्रोग्राम कुणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. जगभरच्या लोकांनी लहान लहान तुकडे लिहून इंटरनेटवर मोकळे ठेवलेले असतात, ते घ्यायचे, जोडायचे आणि त्यावर आपलं काम करायचं. पण मोकळे म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक तुकड्याबरोबर पानभर अटी असतात. ते लायसन्स. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून चकलीच्या भाजणीवरून सांगते. एक शेजारीण तुम्हाला प्रमाण देते आणि म्हणते, घे, हवं ते कर. दुसरी म्हणते, घे, पण प्रमाण माझं आहे एवढं लोकांना सांग. तिसरी म्हणते, घे, पण त्यात बदल करून चकल्या बाहेर वाटल्यास तर बदललेलं प्रमाणही सगळ्यांना द्यायचं, ते दडवून ठेवायचं नाही. आमच्या कंपनीच्या कुठल्या डब्यात कुणाची भाजणी आहे ते हुडकायचं आणि तिची अट पाळली गेली का ते बघायचं, हे माझं काम. ठाण्याच्या ऑफिसात मी जाग्यावरून उठले की दोन रांगांतली मंडळी पटापट स्क्रीन बदलायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट त्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळायचं.

मी स्वतः तिसऱ्या शेजारणीच्या पक्षाची. नोकरीत पक्ष बोलून दाखवता यायचा नाही, म्हणून मी तो इंटरनेटवर दाखवला. मराठी लोकांची गप्पा मारायची एक साइट आहे, तिथे मी "कलम सात" या नावाने लिहायचे. एका प्रसिद्ध लायसन्सचं सातवं कलम माझं पाठ होतं, त्यावरून ते नाव. रोज ऑफिसातून डोंबिवलीला, कोपरच्या घरी आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन तास-दीड तास मी अनोळखी लोकांशी भांडायचे. लायसन्सवरून तर भांडायचेच, पण फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवावं का, कबुतरांना दाणे टाकावेत का, पोह्यात बटाटा घालावा का, यावरही मी मागे हटले नाही. चपलांच्या कपाटावर माझी एक चर्चा तीन आठवडे चालली. सुहास म्हणायचा, तुझ्या तोंडावर जो आनंद आत्ता दिसतोय तो आपल्या लग्नात दिसला नव्हता. यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही. उत्तर आलंय हे दाखवणारा तो लहानसा लाल आकडा दिसला की माझे कान गरम व्हायचे. समोरच्याचा मुद्दा कुठे लंगडा आहे ते एकदम दिसायचं आणि बोटं भरभर चालायला लागायची.

या आनंदात मी एक वाईट काम केलंय, ते आधीच सांगते. कल्याणच्या एका ग्रंथपालांनी लहान वाचनालयांसाठी पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहून त्या साइटवर मोठ्या हौसेने दिलेला. त्यात दुसऱ्या कुणाचा एक तुकडा होता आणि मूळ लेखकाचं नाव नव्हतं. मी सगळ्यांसमोर, कलम-उपकलमांसकट, त्यांचे वाभाडे काढले. लोकांनी मला शाबासकी दिली. मग आणखी वीस-पंचवीस जण त्यांच्यावर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्राम काढून टाकला, स्वतःचं खातं बंद केलं आणि गेले. त्यांना एक ओळ घालायची होती, बस. "अमुकचा तुकडा वापरला आहे." मी ती ओळ त्यांना खाजगीत लिहून पाठवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. नंतर मी पत्र लिहिलं, माफी मागितली. उत्तर आलं नाही. ते येण्याची मी वाटही बघू नये, असं आता वाटतं.

त्याच साइटवर माझा कायमचा विरोधक होता. त्याचं नाव "खाजण". तो पहिल्या शेजारणीच्या पक्षाचा, आणि त्या पक्षातही कडवा. त्याचं म्हणणं एकच असायचं: दिलं तर दिलं. अटी घालून देणारा माणूस देत नसतो, उधारीवर देतो. तुमची लायसन्सं म्हणजे ज्यांना द्यायचं जिवावर येतं त्यांनी काढलेली कागदपत्रं. मी दहा मुद्दे लिहावेत आणि त्याने खाली "दिलं तर दिलं" एवढंच लिहून निघून जावं. सहा-सात वर्षं हे चाललं. मी बाई आहे हे त्याला माहीत नव्हतं, तो मला "सात नंबरभाऊ" म्हणायचा, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. तो कोण, कुठला, काय करतो, मला काही ठाऊक नव्हतं. एवढं ठाऊक होतं की त्याचं उत्तर आलं नाही तर माझी संध्याकाळ बेचव जायची.

एका दुपारी त्याचा खाजगी निरोप आला. "सात नंबरभाऊ, मदत पाहिजे. भांडण नाही. फोन करू का?"

मी नंबर दिला. मी "हॅलो" म्हटल्यावर पलीकडून आवाज आला, "भाऊ आहेत का घरात?" मी म्हटलं, "मीच भाऊ." तो इतका ओशाळला की पुढची दोन वाक्यं मला "मॅडम" म्हणाला, तिसऱ्यापासून "ताई", आणि मग ताईच राहिले.

त्याचं नाव हरेश्वर पाटील, सगळे हरेश म्हणतात. राहणार ठाण्याजवळच्या बाळकुमचा. घरचा पिढीजात धंदा मिठागरांचा, थोडी शेती, थोडी खाडीतली मासळी. मिठागरं गेली, शेतांवर टॉवर आले, पण त्याचे वडील होडी सोडायला तयार नव्हते. हरेश कॉम्प्युटर शिकला, नोकऱ्या केल्या, आणि फावल्या वेळात त्याने वडिलांच्या डोक्यातलं एक गणित काढून त्याचा प्रोग्राम केला. ते गणित असं. तिथीची पाऊणपट केली की समुद्राच्या भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. हे किनाऱ्यावरच्या पुष्कळांना येतं. पण समुद्राचं पाणी खाडीतून आत बाळकुमपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक वळणावर तो वेगळा असतो. कुठल्या जागी होडी किती उशिराने तरंगेल, ते आकडे वडिलांना तोंडपाठ. हरेशने अशा तीसेक जागांचे आकडे लिहून घेतले आणि फोनवर दिसेल असं एक साधं पान बनवलं. अजून खाडीत जाणारी गावातली माणसं ते रोज बघायची. प्रोग्राम त्याने सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला, आणि लायसन्सच्या जागी एकच ओळ: ज्याला पाहिजे त्याने घ्या.

ठाण्यातल्या एका कंपनीने ते घेतलं. बोटिंगवाले, पक्षी बघणारे, हौशी मासेमार यांच्यासाठी त्यांनी अ‍ॅप काढलं, त्यात हे आकडे घातले. इथवर हरेशची तक्रार नव्हती. पण मग त्याच कंपनीने प्रोग्राम ठेवायच्या साइटवर हरकत नोंदवली की ही माहिती आमच्या मालकीची आहे आणि हा माणूस ती परवानगीशिवाय वाटतोय. साइटने नियमाप्रमाणे हरेशचं पान बंद केलं. त्याच आठवड्यात त्याचा चुलत भाऊ अंदाजाने होडी घेऊन गेला, ओहोटीत गाळात रुतला, आणि पुढचं पाणी येईपर्यंत उन्हात पाच तास बसून राहिला. त्याला शुगरचा त्रास होता. घरी आणलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं.

"ताई, मी काय बोलू आता," हरेश म्हणाला. "दिलं तर दिलं, हे मीच बोलत आलेलो."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला विजयाचा आनंद झाला. सात वर्षांचा वाद एका फोनमध्ये जिंकलेला. पण तो आनंद दोन मिनिटंही टिकला नाही, कारण त्याच्या मागून दुसरी, जास्त मोठी गोष्ट आली. मला शिकार दिसली. निवृत्तीनंतर वर्षभर मी नुसती चपलांच्या कपाटावर भांडत होते. आता खरं काम आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासने गाडी काढली. माणकोलीचा पूल झाल्यापासून आम्हाला बाळकुम जवळ पडतं. हरेशचा बंगला दोन उंच इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभा. ओटीवर त्याचे वडील जाळं दुरुस्त करत बसलेले, ऐंशी पार केलेले, अंगाने बारीक. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हरेशला विचारलं, हीच का ती तुझ्याशी भांडनारी. हरेश हो म्हणाल्यावर त्यांनी सुनेला मासे तळायला सांगितले.

मी कामाला लागले. प्रोग्राम ठेवायच्या साइटवर हरकतीला उलट हरकत घेता येते, पण त्यासाठी माहिती मुळात आपली आहे हे दाखवावं लागतं. वडिलांच्या डोक्यातलं गणित कागदावर कधी आलंच नव्हतं. हरेशने लिहिलेलं पान जुनं होतं, पण ते ज्या संगणकावर लिहिलं तो कधीच भंगारात गेलेला. साइटवरची तारीख आपल्या बाजूची होती, पण कंपनी म्हणू शकली असती की आमचा सर्व्हे त्याच्याही आधीचा. दोन दिवस मी कंपनीच्या अ‍ॅपमधले आकडे आणि हरेशचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघत होते. सगळे जुळत होते. पण आकडे जुळणं हा पुरावा नव्हे. दोघांनी एकच खाडी मोजली तर आकडे जुळणारच.

तिसऱ्या दिवशी मी आकडे सोडले आणि जागांची नावं वाचायला घेतली. बहुतेक नावं नकाशात सापडत होती. एक सापडेना. मी हरेशला फोन करून विचारलं, हा "दामूचा घसरा" कुठे आला?

हरेश हसायला लागला आणि थांबेचना. दामू हा त्याचा सख्खा काका. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन होडीतून उतरताना त्या जागी तो असा घसरला की पाटीसकट कमरेइतका चिखलात गेला. तेव्हापासून घरातली माणसं त्या वळणाला दामूचा घसरा म्हणतात. घरातलीच. गावाला ते नाव कळलं तेही हरेशच्या पानावरूनच.

आणि ते नाव कंपनीच्या अ‍ॅपमध्ये होतं. इंग्रजी आवृत्तीतसुद्धा.

मी खुर्चीतून उठले आणि घरात दोन फेऱ्या मारल्या. सुहासने विचारलं, काय झालं? आमच्या धंद्यात अशी वस्तू आयुष्यात एकदा मिळते. लोक मुद्दाम असल्या खुणा पेरून ठेवतात आणि तरी चोर त्या पुसून टाकतात. इथे एक काका घसरले होते आणि कुणालाही संशय आला नव्हता.

बोटं शिवशिवत होती. गप्पांच्या साइटवर एक परिच्छेद टाकला असता तर संध्याकाळपर्यंत शेकडो लोक त्या कंपनीवर तुटून पडले असते. मी लिहिलाही. फार चांगला झालेला. मग मला कल्याणचे ते ग्रंथपाल आठवले आणि मी तो पुसून टाकला. साइटवर एवढंच विचारलं की खाजणच्या प्रोग्रामची जुनी प्रत कुणाकडे आहे का. कल्याणच्याच दुसऱ्या एका माणसाने ती लगेच पाठवली. पहिल्या महिन्यातलीच प्रत, दामूच्या घसऱ्यासकट. त्याने ती खाजणला कधीतरी चूक ठरवायला जपून ठेवलेली.

मग मी कंपनीला साधं पत्र लिहिलं, भेटीची वेळ मागितली. त्यांचं ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या समोरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आमच्याशी बोलायला आल्या त्या रेगे नावाच्या बाई, चाळिशीच्या, अ‍ॅपचं सगळं काम त्यांच्याकडे. मी मनात एक उर्मट माणूस तयार करून नेलेला. ही बाई उठून उभी राहिली, पत्रात लिहिलेल्या हरेशच्या चुलत भावाची चौकशी केली, आणि मग शांतपणे म्हणाली की आमच्या टीमने प्रत्यक्ष खाडीत जाऊन सर्व्हे केलाय, रिपोर्ट आहे, त्यामुळे हरकत मागे घेता येणार नाही. तिचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास होता, ते दिसत होतं.

मी फाइल उघडणार तेवढ्यात हरेशने माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या यादीत दामूचा घसरा आहे. तो काय आहे?"

रेगेबाईंनी यादी बघितली. "स्थानिक धक्क्याचं नाव असेल. टीमने गावात विचारून घेतलं असणार."

"दामू माझा काका," हरेश म्हणाला. "तो तिथे घसरलेला."

मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरेना. रेगेबाईंनी यादीकडे पुन्हा बघितलं, मग हरेशकडे. मग बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलून आल्या. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. सर्व्हेचं काम त्यांनी बाहेरच्या एका माणसाला दिलेलं, आणि तो खाडीत गेलाच नव्हता. हे त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्या म्हणाल्या, मला दोन दिवस द्या.

हरेशने उठता उठता सांगितलं, "तुम्ही घेतलंत त्याचा राग नाही मॅडम. मी लिहूनच ठेवलेलं, ज्याला पाहिजे त्याने घ्या. पण माझ्या बापाचं आहे ते बापालाच बंद केलंत. त्याचा राग आहे."

खाली डेपोच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला आणि पहिला कप संपायच्या आत भांडायला लागलो. मी म्हटलं, बघितलंत ना, आता तरी नीट लायसन्स घाला. तो म्हणाला, अजून हरकत मागे घेतलेली नाही आणि ताई परत सुरू. मी म्हटलं, अट असती तर हे झालंच नसतं. तो म्हणाला, ज्याने सर्व्हेचा खोटा रिपोर्ट दिला तो तुमची अट वाचणार होता का? बाजूच्या टेबलावरचा कंडक्टर आमच्याकडे टक लावून बघत होता. सात वर्षं जे कीबोर्डवर केलं ते पहिल्यांदा तोंडाने करत होतो, आणि ते किती पटीने मजेदार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस सांगितलेले, पण हरकत दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली. हरेशचं पान पुन्हा सुरू झालं. ही बातमी वडिलांना सांगायला मीच बाळकुमला गेले, आणि जाताना लायसन्सचा मसुदाही घेऊन गेले, कारण मी हरेशपुढे अजून माघार घेतलेली नव्हती.

बाबांनी बातमी ऐकली, मान हलवली. मग मी त्यांना विचारलं, हे आकडे तुम्हाला कुणी दिले? म्हणाले, काही बापाने, काही पलीकडच्या काल्हेरच्या एका नाखव्याने, काही स्वतः बघून. मी लिहून घेत होते आणि मालकाच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. आयुष्यभर मी लोकांना विचारत आले, हे मूळ कुणाचं? इथे मूळ खाली खालीच जात होतं.

मग ते स्वतःहून बोलले. "पन पानी आता पयल्यासारखा नाय येत. पूल झाले, भराव झाला, गाळ वाढला. उंबराच्या धक्क्याची माझी वेळ तं आता चुकतेच."

हरेश चमकला. "बाबा, हे कधी बोलला नाहीत."

"तू इचारला नाय." त्यांनी जाळ्याची गाठ ओढली. "ज्यानी वेळ घेतली त्यानी, चुकली तं, येऊन सांगायला पायजे. नायतं दुसरा मानूस जाऊन गाळात बसंल."

ही तिसऱ्या शेजारणीची अट होती, जशीच्या तशी. ज्या माणसाने उभ्या जन्मात लायसन्स वाचलं नाही तो ती बोलत होता, आणि माझ्या पक्षातल्या विद्वानांनी दिलेल्या कुठल्याही कारणापेक्षा त्याचं कारण खरं होतं. मी हरेशकडे बघितलं. मला शहाणपणाने गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलंच, "ऐकलंत?"

हरेशने कपाळाला हात लावला. "लिहा, ताई."

मी लिहिलं: चूक आढळल्यास ती कळवणं बंधनकारक आहे. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, बंधनकारक म्हणजे काय. मी सांगितलं, जो कळवणार नाही त्याचा आकडे वापरायचा हक्क जाईल.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "म्हंजे त्याला वेळ सांगायची नाय? आनि तो बुडला तं?"

हरेश ओटीच्या खांबाला टेकून उभा होता आणि "ऐकलंत?" म्हणायची संधी त्याने सोडली, हे त्याचे उपकार. मी ती ओळ खोडली. मग आम्ही तिघांनी मिळून एक लायसन्स लिहिलं, नोकरीतल्या इतक्या वर्षांत मी मराठीतून लिहिलेलं पहिलंच. ते असं: "या वेळा ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. कुणी आपल्या एकट्याच्या नावावर करू नयेत. वेळ चुकते असं दिसलं तर बाळकुमला कळवावं, म्हणजे बाकीच्यांना सांगता येईल."

यात कायद्याच्या दृष्टीने चार ठिकाणी भोकं आहेत. मला माहीत आहे. साइटवर टाकल्या टाकल्या लोकांनी ती दाखवलीही, आणि गंमत म्हणजे त्या चर्चेत कलम सात आणि खाजण पहिल्यांदा एका बाजूने भांडले. जुन्या लोकांना वाटलं दोघांपैकी एकाचं खातं कुणीतरी चोरलंय.

दोन-अडीच महिन्यांनी हरेशला रेगेबाईंचं पत्र आलं. कंपनीने अ‍ॅपमध्ये त्याच्या वडिलांचं नाव घातलंय, असं त्यात होतं. आणि पुढे, तुमच्या लायसन्सच्या तिसऱ्या ओळीप्रमाणे कळवत आहोत: उंबराच्या धक्क्यावर सलग चार भरत्या मोजल्या, पाणी यादीतल्या वेळेपेक्षा पस्तीस मिनिटं उशिरा लागतं. ती वेळ चुकते हे बाबा बोलले होते, पण पस्तीस मिनिटं हरेशला पटेना. एकदा खोटा रिपोर्ट आलेल्या ठिकाणाहून दुसरा आलाय, म्हणाला. मी म्हटलं, मग बघूनच येऊ.

गेलो. दुपारची वेळ, ढगाळ हवा. हरेश, मी, आणि कुणी नको म्हणत असताना आलेले बाबा. सुहास बांधावर छत्री घेऊन थांबला. धक्का म्हणजे चार दगड आणि एक बुंधा. होडी गाळात बसलेली, आम्ही होडीत बसलेलो, आणि समोर खाडीच्या मध्यावर पाण्याची एक करडी पट्टी. यादीतली वेळ झाली. काही हललं नाही. दहा मिनिटं गेली. हरेश म्हणाला, वारा उलटा आहे, म्हणून उशीर. मी म्हटलं, वाऱ्याचा काय संबंध. पंधरा मिनिटं आम्ही वाऱ्यावर भांडलो, मला वाऱ्यातलं काही कळत नसताना. चिखलातून बुडबुडे यायला लागले, खेकडे बिळांत शिरायला लागले. माझे डोळे घड्याळावर आणि कान गरम. बत्तीस मिनिटांनी पाण्याची जीभ दगडाला लागली. चौतिसाव्या मिनिटाला होडीचा मागचा भाग किंचित उचलला गेला, पुन्हा टेकला, आणि मग आख्खी होडी आमच्याखाली सुटी झाली.

बाबांनी काठावर हात ठेवून ते आधी ओळखलं होतं. "बराबर हाय," ते म्हणाले.

हरेशने फोन काढून तिथल्या तिथे आकडा बदलला. मग तो थांबला. त्याच्या प्रोग्राममध्ये आता दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. "इथे काय टाकू? कंपनीचं नाव?"

"कंपनी कशी मोजंल," बाबा म्हणाले. "जो हितं काठी घेऊन उभा राहिला त्याचा नाव टाक."

पत्रात तसं कुणाचंच नाव नव्हतं. मी होडीतूनच रेगेबाईंना फोन लावला. आम्ही कुठे आहोत ते सांगितलं, तुमचा आकडा बरोबर निघाला तेही सांगितलं, आणि विचारलं की चार भरत्या त्या चिखलात उभं राहून पाणी मोजणारा माणूस कोण, त्याचं नाव हवंय.



"माणूस नाही," त्या म्हणाल्या. "मीच उभी होते."